पहार गेली

नवी टाकी कुठे खणायची यावर आमच्या घरातल्या पाच माणसांची सहा मतं होती. सहावं मतही बाबांचंच. त्यांचं सकाळचं वेगळं होतं आणि संध्याकाळचं वेगळं.

दादा-वहिनीची खोली एवढी लहान होती की कपाट उघडायचं झालं तर दोघांपैकी एकाला पलंगावर चढावं लागे. त्यात वहिनीला आठवा महिना लागलेला. तेव्हा मागच्या अंगणात एक खोली वाढवायची ठरली. खोली म्हणजे संडास आलाच, आणि संडास आला की ते सगळं जाणार कुठे हा प्रश्न आला. पुढच्या अंगणातली सेप्टिक टाकी आम्ही पाच जणांनी आधीच टेकीला आणली होती. तिच्यावर सहाव्याचा भार टाकणं बरं दिसलं नसतं. म्हणून मागे नवी टाकी.

टाक्या बसवणारा ठेकेदार फार आनंदी माणूस होता. त्याच्याकडे गोष्टी भरपूर होत्या आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी कुणीतरी मरत असे. पहिल्याच दिवशी ओट्यावर चहा पीत त्याने एक सांगितली.

"जुनी टाकी होती. एक जण उतरला. वर आला नाही. त्याला बघायला त्याचा भाऊ उतरला. तोही नाही. मग मेव्हणा उतरला." त्याने चहाचा घोट घेतला. "मेव्हण्याला खरं तर काही गरज नव्हती."

"बुडाले?" दादाने विचारलं.

"छे हो. पाणी गुडघाभर. आतली हवा. दोन श्वास घेतले की माणूस खलास. म्हणून आमचा नियम आहे, आत कुणी पडलं तर मागे उतरायचं नाही. सख्खी आई पडली तरी नाही."

आई शेजारीच उभी होती. "बरं," ती म्हणाली आणि त्याच्या हातातला कप घेऊन आत गेली.

मग ठेकेदाराने बाबांना विचारलं, "काका, पुढची टाकी नंतरची दिसते. घर तर त्याच्याहून जुनं आहे. पहिली टाकी कुठे होती?"

"होती मागेच कुठेतरी," बाबा म्हणाले. "बुजवली."

"कशाने?"

"बुजवतात तशी बुजवली." एवढं बोलून बाबांना आत काहीतरी काम आठवलं. बाबांना काम आठवणं ही आमच्या घरात दुर्मिळ गोष्ट आहे. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

आमच्या घरातून वस्तू बाहेर जात नाहीत हेही इथे सांगायला हवं. 'असू दे, लागेल कधीतरी,' असं बाबा म्हणतात आणि ती वस्तू माळ्यावर जाते. माळ्यावर तीन रेडिओ आहेत, त्यांतला एकही बोलत नाही. एक पंखा आहे, त्याला पाती नाहीत. आजोबांची कवळी आहे. ती कुणाला लागणार, असं मी एकदा विचारलं होतं. बाबांनी बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाजवळ जेसीबी लागला. ठेकेदार अंगणभर लोखंडी पहार आपटत हिंडत होता. जुन्या टाकीचा भराव कुठे लागतो ते त्याला बघायचं होतं, म्हणजे नवा खड्डा तिथे घ्यायला नको. ठक, असा आवाज आला की तो पुढे सरके. आई ओट्यावर घेवडा निवडत होती. दादा लिंबाच्या झाडाखाली उभा राहून ऑफिसला फोनवर सांगत होता की तो तापाने अंथरुणात पडलाय, आणि मागे जेसीबी घरघरत होता. वहिनी रोजच्यासारखी अंगणाच्या मधोमध फरशीवर लोखंडी खुर्ची टाकून कोवळ्या उन्हात बसली होती. अंगणात तेवढीच जागा फरशी घातलेली होती. पाय मातीत भरत नाहीत म्हणून ती जागा तिला आवडायची. मी ओट्याच्या पायरीवर बसून पोळी खात होतो आणि कामावर देखरेख करत होतो.

ठक. ठक. ठेकेदार वहिनीच्या पलीकडे, फरशीच्या कडेला पोचला. त्याने दोन फरशांच्या सांध्यात पहार मारली.

आवाज आला नाही.

पहार त्याच्या हातातून गेली. उडाली नाही की पडली नाही. माणूस खोलीतून निघून जातो तशी सरळ खाली गेली. ठेकेदाराचे दोन्ही हात हवेत मूठ धरून तसेच राहिले. आणि मग, बऱ्याच खालून, आवाज आला. डुबुक.

मी तोंडातला घास गिळायचा विसरलो.

ठेकेदाराने फरशीतल्या भोकाकडे बघितलं. भोकापासून त्याची नजर फरशीवरून हळूहळू सरकत गेली आणि वहिनीच्या खुर्चीच्या पायाशी येऊन थांबली. भोक आणि खुर्ची यांच्यात हातभर अंतर होतं. त्याने एक पाऊल मागे घेतलं, मग आणखी एक, आणि कुंपणाच्या कोपऱ्यात मातीवर जाऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पहिल्यांदाच मावळला होता.

"ताई," तो म्हणाला, "उठू नका."

त्याच वेळी जेसीबीने बादली आपटली, अंगण हादरलं, आणि वहिनीच्या खुर्चीचा मागचा डावा पाय दोन बोटं खाली गेला.

"अगंबाई," वहिनी म्हणाली आणि दोन्ही हातांनी पोट धरलं.

फोन हातात तसाच ठेवून दादा तिच्याकडे धावला. "तिथेच थांबा!" ठेकेदार एवढ्या मोठ्याने ओरडला की दादा एक पाय फरशीवर टाकायच्या बेतात असताना थांबला. दादा म्हणजे आमच्या घरातला सगळ्यात वजनदार माणूस. हे मी त्याच्या पगाराबद्दल बोलत नाहीये. त्याने पाय मागे घेतला आणि लिंबाचं खोड घट्ट धरलं. फोनमधून कुणीतरी 'काळजी घ्या हं' म्हणत होतं.

"आधी ते यंत्र बंद करा!" ठेकेदार ओरडला. पण ड्रायव्हरच्या कानात गाणी होती. मी कुंपणाला चिकटून धावत गेलो आणि दोन्ही हात हलवले. त्यानेही हात हलवला. चांगला माणूस. मी पुन्हा हलवले, त्याने पुन्हा हलवला, आणि मग बादली उचलून आपटली. शेवटी मी बादलीच्या खाली जाऊन उभा राहिलो. तेव्हा त्याने यंत्र बंद केलं आणि मला शिवी दिली. इतकी गोड शिवी मी आजवर ऐकली नव्हती.

यंत्र थांबल्यावर मात्र वाईट झालं. कारण आता खालचा आवाज ऐकू येऊ लागला. वहिनीच्या खुर्चीखाली माती झरत होती. डब्यात साखर ओतताना येतो तसा बारीक, सारखा आवाज. तो थांबत नव्हता. भोकातून सडक्या अंड्यांचा वास अंगणभर पसरला.

"मी उडी मारू का?" वहिनीने विचारलं. आवाज अगदी साधा, भाजी किती टाकू विचारावं तसा. फक्त तिचे ओठ पांढरे पडले होते.

"उडी नको. हालूच नका," ठेकेदार म्हणाला. "श्वास घेताय तेवढाच घ्या. काका, खाली काय आहे?"

बाबा दारात आले होते. त्यांनी अंगणाकडे बघितलं आणि चौकटीला हात टेकला.

"बुजवलीय ती," बाबा म्हणाले.

"अहो, माझी पहार गेली आत! पाण्यात पडली!"

"थोडी बुजवलीय. माणसं काम सोडून गेली मध्येच."

"मग वर काय टाकलंत? स्लॅब?"

आईने मांडीवरची परात खाली ठेवली. "अहो," ती म्हणाली, "वर काय आहे ते सांगा. लवकर."

"दार," बाबा म्हणाले.

"कसलं दार?"

"आपलं. पुढचं जुनं."

"ते तुम्ही विकलं म्हणाला होतात."

"गिऱ्हाईक कुठे आलं? चांगलं दणदणीत सागवानी दार. टाकवेना. त्याच्यावर माती टाकली, माती दिसायला बरी नाही म्हणून फरशा टाकल्या."

खाली साखर ओतली जात होती.

"म्हणजे मी दारावर बसलेय?" वहिनीने विचारलं. "रोज?"

"सागवान कुजत नाही," बाबा म्हणाले, पण वाक्याच्या शेवटी त्यांचा आवाज पार बसला.

"बाबा, पहार गेली त्यातून," दादा म्हणाला. तो लिंबाला मिठी मारूनच बोलत होता. "ती आणि माझं पोर त्याच्यावर आहे. पहार गेली."

खुर्ची आणखी एक बोट कलली. वहिनीने डोळे मिटले.

ठेकेदार पलीकडच्या कोपऱ्यातून म्हणाला, "शिडी आडवी टाकायची. पण तिची टोकं पक्क्या जमिनीवर पाहिजेत. टोक दारावर आलं तर सगळंच जाईल. काका, दार कसं आहे? लांबी कुणीकडून कुणीकडे?"

"आता कसं सांगू? इतकी वर्षं झाली."

"बाबा!" आम्ही सगळे एकदम ओरडलो, आणि आपल्या ओरडण्याने काही कोसळेल या भीतीने लगेच गप्प झालो.

बाबा ओट्यावर उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हात पुढे करून काहीतरी जड धरल्यासारखे केले आणि जागच्या जागी बारीक पावलं टाकत मागे सरकू लागले. एरवी हे बघून मी आठवडाभर हसलो असतो. "मी घराकडच्या बाजूला होतो," ते डोळे मिटूनच म्हणाले. "समोर गवंडी. तो म्हणत होता, साहेब, बोट अडकलं. कडी... कडी माझ्याकडे नव्हती. माझ्याकडे वरची चौकट होती." त्यांनी डोळे उघडले. "लांबी घराकडून कुंपणाकडे. रुंदी लिंबाकडून त्या कोपऱ्याकडे. शपथेवर सांगतो."

"दाराच्या कडा भिंतीवर किती टेकल्यात?"

"वीतभर. एका बाजूला तेवढीही नसेल."

"कुठल्या बाजूला?"

बाबांनी सुनेकडे बघितलं. ज्या पायावर खुर्ची कलत होती ती बाजू.

रंगकामाची लांब शिडी माळ्यावर होती. ती मात्र खरंच लागली. दादाने लिंबाच्या बाजूने ती वहिनीच्या खुर्चीला लागून सरकवली आणि पलीकडे ठेकेदाराने तिचं टोक पकडलं. दोन्ही टोकांखाली विटांच्या थप्प्या लावल्या, म्हणजे शिडीचा भार फरशीवर येऊ नये. टाकीच्या कामाला आणलेली प्लायवूडची फळी शिडीवर टाकली. हे सगळं आम्ही झोपलेल्या बाळाच्या पाळण्यावरून हात न्यावा तसं करत होतो. ड्रायव्हरही बूट काढून कामाला लागला होता. बूट का काढले ते त्याला माहीत.

"आता हलक्या माणसाने जायचं," ठेकेदार म्हणाला. "ताईंच्या काखेतून दोर बांधायचा आणि त्यांना बाजूने फळीवर घ्यायचं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. लहानपणापासून दादा मला काडी म्हणतो. ते कधी उपयोगाला येईल असं वाटलं नव्हतं.

"वजन किती तुमचं?" ठेकेदाराने विचारलं.

"शर्टासकट?" मी म्हणालो. तो शेवटचा विनोद.

आईने कपड्यांची दोरी सोडून आणली. घाईत तिने कपडे काढले नव्हते. दोरीला दादाचा एक ओला शर्ट चिमट्यासकट लटकत होता. एक तुकडा माझ्या कमरेला बांधला, दुसरा माझ्या हातात दिला. दोन्हीची टोकं दादाकडे. बाबा शिडीच्या टोकावर बसले. "मी धरतो," ते म्हणाले. कुणी त्यांना 'बरं' म्हणालं नाही.

मी पोटावर आडवा होऊन फळीवर सरकू लागलो. फळी वाकत होती. फळीच्या कडेने, शिडीच्या पायऱ्यांमधून फरशी दिसत होती आणि दोन फरशांच्या फटीत काळं. तिथून गरम हवा वर येऊन गालाला लागत होती. कुणीतरी खाली तोंड उघडून झोपलंय, अशी. एक जण उतरला, त्याला बघायला भाऊ उतरला. माझ्या डोक्यात सारखा तो मेव्हणा येत होता. त्याला काही गरज नव्हती.

वहिनीजवळ पोचलो. तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते, पण हात बर्फासारखा. मी तिच्या काखेतून दोर घेतला. दोनदा गाठ मारली, दोनदा सुटली. दादाचा ओला शर्ट तिच्या मांडीवर पडला.

"भाऊजी," वहिनी अगदी हळू म्हणाली. "काहीतरी फालतू बोला ना. रोज बोलता."

मी डोकं खाजवून खाजवून शोधलं. आत काहीच नव्हतं. रोज नको तेव्हा येणारं सगळं पळून गेलं होतं.

"वहिनी," मी म्हणालो, "आज ऊन बरं आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. भीतीच्या आडून तिला माझी थोडी कीव आली असावी. "गाठ बांधा," ती म्हणाली.

गाठ बसली. "आता पायावर भार द्यायचा नाही," ठेकेदार म्हणाला. "बूड सरकवा, ताई. फळीवर. हळू. जसं बसमध्ये कुणाला जागा देतो तसं."

वहिनीने एक हात माझ्या खांद्यावर टाकला आणि सरकली. आधी थोडी. फळी करकरली. मग आणखी थोडी. खुर्ची हलली तशी तिची नखं माझ्या खांद्यात रुतली. मी ओरडलो नाही, ओरडायलाही श्वास लागतो. मग तिचा सगळा भार फळीवर आला, आणि शिडी एवढी वाकली की माझी हनुवटी फरशीला टेकली.

"ओढ!" ठेकेदार म्हणाला.

दादाने ओढलं. त्याच क्षणी खाली करकर असा लांब आवाज झाला, कुणीतरी बाहेरून दार ढकलतं तसा. मग फरशी गेली. सगळी एकदम. खुर्ची उभीच्या उभी खाली गेली, तिच्यामागे माती, विटांचे तुकडे, फरशा, आणि शिडीखाली आता काहीच नव्हतं. पाण्याचा आवाज आला तेव्हा वास एवढा उसळला की डोळ्यांना धार लागली. "श्वास धरा!" कुणीतरी ओरडलं. वहिनी माझ्या शेजारून फळीवरून घसरत गेली, दादाचे हात तिच्या काखेत गेले, आणि ती लिंबाखाली पोचली. मी पालथा होतो. खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून बघितलं. दाराचा अर्धा भाग भिंतीला लटकत होता. त्यावर आजोबांच्या नावाची पितळी पाटी होती. वरच्या बाजूला, अगदी सरळ. खालचं काळं पाणी अजून हलत होतं आणि त्यात खुर्चीचा एक पाय दिसला. मग तोही दिसेना.

माझ्या कमरेच्या दोरीला हिसका बसला आणि मी मेलेल्या माशासारखा मातीवर येऊन पडलो.

आम्ही घरच्यांनी वहिनीला उचलून ओट्यावर नेलं, पुरेसं लांब. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि दोन्ही हात पोटावर दाबून धरले होते. दादा तिच्या पायाशी बसला. "लागलं का? कुठे दुखतंय का?"

"थांबा," वहिनी म्हणाली. "गप्प बसा सगळे."

आम्ही गप्प बसलो.

"एरवी उन्हात बसले की हा सारखा लाथा मारतो," ती म्हणाली. "आता मारत नाहीये."

आई तिच्या केसांतून हात फिरवत होती, पण हाताला काही दिशा नव्हती. डॉक्टरांना फोन लावायला हवा होता. दादाच्या खिशात कोंबलेल्या फोनवर अजून ऑफिसचा माणूस होता. खड्ड्यात माती टपटपत पडत होती. बाबा पायरीवर, सगळ्यांकडे पाठ करून बसले होते. त्यांची मान पुढे झुकली होती. वहिनीने पोटावर बोटाने टकटक केलं, दारावर करावं तसं. मग पुन्हा. मला वाटलं, आम्ही सगळे असेच इथे बसून राहणार, जेवायला नाही, झोपायला नाही, फक्त ऐकत.

"हं," वहिनी म्हणाली.

"काय हं?" दादाचा आवाज चिरकला.

तिने त्याचा हात ओढून पोटावर ठेवला. दादाने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा हाताकडे, आणि एवढा मोठा माणूस भोकाड पसरून रडायला लागला. "ताप वाढला का?" फोनमधून कुणीतरी विचारलं. आईने फोन घेऊन बंद केला आणि डॉक्टरांचा नंबर फिरवला. तेवढ्या वेळात तिचे दोन्ही गाल ओले झाले होते.

वहिनी कोपरावर उठून बसली. तिने आधी खड्ड्याकडे बघितलं आणि मग सगळ्या अंगणाकडे, लिंबापासून कुंपणापर्यंत. ती आता रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही.

"बाबा," ती म्हणाली. "इकडे बघा."

बाबांनी मान वळवली.

"पुढच्या वर्षी हे इथे रांगत असेल. मी ह्याच्यामागे कुठे कुठे धावू? अजून कुठे काय झाकलंय ते आत्ता सांगायचं. सगळं."

"काही नाही गं," बाबा म्हणाले.

वहिनी बघत राहिली. आई फोनवर बोलता बोलता थांबली.

बाबांनी अंगणावरून नजर फिरवली. ओठ हलत होते, कसला तरी हिशोब करत असावेत. मग त्यांनी हात उचलला आणि अगदी सावकाश, कुंपणाच्या त्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"विहीर होती एक," ते म्हणाले. "लहानशी."

ठेकेदार तिथेच उभा होता. सकाळपासून तीच एक जागा त्याला पक्की वाटली होती. त्याने एक पाय उचलला. मग तो कुठे ठेवायचा हे त्याला कळेना.